मेंढीचा दात

भैरू कोळप्यानं बोलणं टाकलं ते मेंढरं विकली त्या उन्हाळ्यात. कुणाशी भांडण झालं नव्हतं, रुसवा नव्हता, तापबीपही नव्हता. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पुढं माळावर त्याची वस्ती. एके काळी माळ मोकळा होता. मग कालव्याचं पाणी आलं, जिकडंतिकडं ऊस उभा राहिला आणि मेंढरं चारायला न्यायची कुठं, हा रोजचा घोर होऊन बसला. त्यात भैरूचे गुडघे गेले. त्याचा मुलगा बन्सी दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होता. तो म्हणाला, "आबा, आता बास करा." मग व्यापाऱ्याचा ट्रक आला आणि मेंढरांची सगळी खांडं घेऊन गेला.

एक मेंढी तेवढी मागं राहिली. तिचे कान जन्मापासून नखाएवढे, म्हणून नाव बुची. वय झालेलं, लोकर विरळ, आणि स्वभाव असा, की व्यापाऱ्याच्या माणसानं पाय धरल्याबरोबर तिनं त्याला ढुशी मारून शेणात बसवलं. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "ही तुमचीच ऱ्हाऊ द्या आप्पा."

बन्सीनं आईबापाला दौंडच्या रेल्वे कॉलनीत आपल्या क्वार्टरमध्ये आणलं तेव्हा बुचीही आली. टेम्पोत गाद्यांच्या वळकट्यांवर बसून, कुठल्या तरी मोठ्या घरच्या बाईसारखी इकडंतिकडं बघत आली. मागच्या पडवीत भैरूची खाट पडली आणि खाटेखाली बुची.

भैरू सकाळी उठायचा, चहा प्यायचा, खाटेवर बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. "व्हय" आणि "न्हाई" एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. त्याची बायको कुशाबाई मात्र गप्प बसणारातली नव्हती. नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलायची.

"ह्यांना चहात साखर कमी लागतीया," असं ती सुनेला सांगायची, आणि लगेच नवऱ्याकडं वळून, "व्हय का वो? व्हयच म्हना." भैरू "व्हय" म्हणायचा.

सून शालन शिरूरची. हुशार, हसरी, आणि सासूच्या तोंडाला पुरून उरणारी. दोघींचं चांगलं जमायचं.

सगळं ठीक चाललं असतं, पण पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी बुचीनं दावं सोडवून घेतलं आणि ती थेट सत्यजीत साहेबांच्या बंगल्यात शिरली.

सत्यजीत साहेब म्हणजे कॉलनीची देखभाल बघणारे इंजिनियर. वय तिशीच्या आतबाहेर, अजून एकटेच, कपड्यांना कडक इस्त्री, आणि चेहऱ्यालाही तीच. कॉलनीत त्यांना एकच नाद होता, गुलाबांचा. बुचीनं गुलाबाच्या पानांना तोंड लावलं नाही. फक्त कळ्या खाल्ल्या, एकेक निवडून. साहेब ऑफिसातून घरी आले तेव्हा ती शेवटच्या रांगेशी उभी राहून रवंथ करत होती.

दुसऱ्याच दिवशी बन्सीला बोलावणं आलं. संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला.

"क्वार्टरमध्ये जनावर ठेवायचं नाही, असा नियम आहे म्हणाले. महिनाअखेर मेंढी बाहेर, नाहीतर आपण बाहेर."

"तू काय म्हनलास?" कुशाबाईनं विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, आबांना तिच्याशिवाय करमत नाही. तर म्हणाले, म्हातारा मेंढीवाचून जगत नाही असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग खुशाल ठेवा मेंढी. आये, ते चिडून म्हणाले गं."

"चिडून म्हनलं काय आन् हसून म्हनलं काय, म्हनलं न्हवं?"

"अगं, त्याचा अर्थ तसा नसतो."

"अर्थ तू ऱ्हाऊ दे. कुनापुढं म्हनलं?"

"ऑफिसातले सगळे होते."

कुशाबाई भिंतीला टेकून बसली होती ती सरळ झाली. "मग झालं तर. सर्टिफिकेट आनायचं."

पण असलं सर्टिफिकेट देणार कोण? रेल्वेच्या दवाखान्यात विचारलं तर तिथले डॉक्टर हसले आणि म्हणाले, हे आमचं काम नव्हे, याला मनाचा डॉक्टर लागतो. 'मनाचा डॉक्टर' हा शब्द ऐकून बन्सीच्या कपाळावर आठी पडली. लोक काय म्हणतील? कोळप्याचा बाप वेडा झाला म्हणतील.

तेव्हा शालन बोलली. "शिरूरला एक डॉक्टरीण हाय, आत्याबाई. ढमढेरे म्हनून. तळेगावच्याच हायेत. बाजारपेठंत वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, आन् त्याच जिन्याला मधल्या मजल्यावर दाताचा दवाखाना. जिना चढताना मानूस गाल धरून चढतंय. कुनाला काय कळत न्हाई."

"तुला कसं ठावं?"

"माझ्या चुलत्याचा दात तिथंच बरा झाला," शालन म्हणाली आणि पदरात हसली. "त्यांना दातच न्हवते."

गुरुवारी तिघंजण दौंडच्या स्टँडवर आले. भैरू, कुशाबाई आणि बुची. डॉक्टरनं मेंढीही बघायला हवी, असं कुशाबाईचं ठाम मत होतं. शिरूरची एसटी लागली. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"आजी, मेंढी चढवायची न्हाई."

"मेंढी कुठंय? औषध हाय ते."

"औषध?"

"ह्यांचं. डाक्टरला दावायला चाललोय."

"कागद हाय का तसा?"

"त्योच आनायला चाललोय की बाबा. कागद असता तर कशाला गेलो असतो?"

कंडक्टरनं यावर थोडा विचार केला. मागं रांग खोळंबली होती. बुची तेवढ्यात स्वतःच पायरी चढून आत गेली आणि मागच्या बाकाखाली जाऊन बसली. वाटेत पारगावला चढलेल्या एका बाईनं आपली भाजीची पाटी तिच्यापासून लांब, मांडीवर घेतली, एवढंच.

गाडीत कुशाबाईनं नवऱ्याला पढवलं. "डाक्टरनं काय बी विचारलं तर छताकडं बघायचं. आन् मदीच हसायचं. लई न्हाई, थोडं. आन् विचारलं, हितं कशाला आलाय, तर म्हनायचं, बुची मला बोलली चल म्हनून."

भैरू खिडकीबाहेर बघत होता. न्हावऱ्याचा फाटा आला, त्याच्या माळाची वाट दिसली, गेली.

शिरूरला उतरल्यावर कुशाबाईनं त्याचा उजवा हात उचलून त्याच्या गालावर ठेवला. "सोडू नका." तो तसाच चालत राहिला. बाजारपेठेत जिन्यापाशी पोचतात न पोचतात, तोच समोर मच्छिंद्र उभा. मच्छिंद्र कुशाबाईच्या माहेरच्या नात्यातला. त्याच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या आत न्हावऱ्यात पोचायची.

"आत्या! आन् आप्पा बी! काय, दात दुखतोय व्हय आप्पांचा?" त्यानं मेंढीकडं पाहिलं. "आन् मग मेंढी कशाला आनली?"

खरं तर कुशाबाईनं 'व्हय, ह्यांचा दात दुखतोय' असं म्हणून पुढं जायला हवं होतं. पण मेंढीचं उत्तर तिनं ठरवलं नव्हतं, आणि जीभ कायम तिच्यापुढं एक पाऊल असायची.

"दात मेंढीचा दुखतोय," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं डोळे बारीक केले. "मग गाल आप्पांनी का धरलाय?"

"मेंढीला हात न्हाईत म्हनून."

मच्छिंद्र तिथंच उभा राहिला. हे तिघं जिना चढून वर गेले. पुढच्याच बाजारी दाताच्या डॉक्टरकडं कुणीतरी बोकड घेऊन आलं आणि डॉक्टरनं हाकललं तर 'कोळप्याची मेंढी चालती आन् आमचा बोकड का न्हाई' म्हणून भांडलं, असं पुढं ऐकायला मिळालं. खरंखोटं मच्छिंद्रला ठाऊक.

वरच्या मजल्यावर डॉक्टर अनुपमा ढमढेरे एकट्याच बसल्या होत्या. वय फार नव्हतं. पुण्यात शिकून आपल्या तालुक्यात परत आलेल्या. दिवसाकाठी दोनचार पेशंट यायचे, तेही दारातून आडवे शिरणारे, आणि आल्याबरोबर 'मी माझ्यासाठी नाही आलो' म्हणणारे. जिन्यावर खुरांचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली. दारात मेंढी उभी होती.

"बसा," त्या म्हणाल्या. तिघांनाही उद्देशून म्हणाल्यासारखं वाटलं. कुशाबाईला डॉक्टरीण तिथंच आवडली.

कुशाबाईनं सगळं सांगितलं. साहेब, गुलाब, सर्टिफिकेट. डॉक्टर ऐकत होत्या. मग त्या भैरूकडं वळल्या.

"बाबा, तुम्हाला काय होतंय?"

भैरूनं छताकडं पाहिलं. डॉक्टरांनीही छताकडं पाहिलं.

"काय दिसतंय वर?"

भैरू वर बघतच राहिला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "पंख्यावर धूळ हाय," तो म्हणाला. आणि मग आठवण झाल्यासारखा थोडा हसला.

डॉक्टरांना हसू आवरेना. "हे हसायला कुणी शिकवलं?"

भैरूनं बायकोकडं बोट केलं.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. मेंढीला घेऊन."

"आवो पर बाई, ह्यांचं मलाच ठावं—"

"बाहेर बसा."

कुशाबाई बाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नवऱ्याला कुणी तिच्यावाचून बोलायला लावत होतं. ती दाराला कान लावून बसली. पण आतून काही ऐकू येईना, आणि त्या नादात बुचीनं जिन्यावरच्या कुंडीतला मनीप्लँट मुळापर्यंत खाऊन टाकला.

आत डॉक्टरांनी विचारलं, "मेंढरं कशी होती तुमची?"

भैरू म्हणाला, "चांगली."

डॉक्टर घाई नसल्यासारख्या बसून राहिल्या. खालून बाजाराचा गलका येत होता. थोड्या वेळानं भैरूनं गालावरचा हात खाली घेतला. इतका वेळ तो तसाच होता.

"एक भुरी व्हती," तो म्हणाला. "पुढं चालायची. ती वळली की समदी वळायची. दुसरी एक व्हती, तिला पावसाचं आदी कळायचं. वारा सुटायच्या आदी येऊन माझ्या घोंगडीला चिकटायची." तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. एकेक मेंढी नावानं येत गेली. कुणाचा पाय मोडला तो कसा बांधला, कुणी दुसरीचं कोकरू पाजलं, कोण घाटावरून येताना चुकली आणि तिसऱ्या गावात सापडली. बन्सीला, शालनला, कुशाबाईलासुद्धा ह्यातलं बरंच ठाऊक नव्हतं.

"आता झोप लागते का?"

"गाड्या जात्यात त्याचा तरास न्हाई. आवाज थांबला की तरास व्हतो." भैरूनं शब्द जुळवायला वेळ घेतला. "मेंढरं रातभर रवंथ करत्यात बाई. त्यो आवाज कानात असला की मानूस झोपतंय. आवाज थांबला म्हंजी लांडगा आला, न्हाईतर चोर. झोपंतच उठून काठी हातात येती. आता रोज आवाज थांबलेलाच हाय. बुची खाटंखाली असती, तिचं तोंड हालतंय तवर डोळा लागतोय."

"ट्रक गेला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

ह्यावर भैरूनं मान खाली घातली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही, तसंच येऊ दिलं. "मागं चालत गेलो," तो म्हणाला. "डांबरीपातुर. भुरीनं वळून बघितलं. तिला वाटलं, मी बी येतोय."

डॉक्टरांनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "बाबा, तुम्हाला वेड नाही लागलेलं. तुम्हाला दुःख झालंय, आणि ते तुम्ही आत दाबून धरलंय. मी काही गोळ्या देते, पण माझं औषध दुसरंच आहे. मेंढीला रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही स्वतः चरायला न्यायचं. सुनेनं नाही, तुम्ही. आणि पंधरा दिवसांनी येऊन मला अजून एका मेंढीची गोष्ट सांगायची."

"गुडघं दुखत्यात."

"हळू चाला. मेंढीही म्हातारी आहे."

मग त्यांनी कुशाबाईला आत बोलावलं आणि लिहिलेला दाखला वाचून दाखवला. श्री. भैरू कोळपे यांच्या मनावर कळप गेल्याचा आघात झाला आहे. सोबतची मेंढी त्यांच्या झोपेस व प्रकृतीस हितकारक असून, ती दूर केल्यास त्रास वाढेल, असं त्यात होतं.

कुशाबाईनं लक्ष देऊन ऐकलं. "ह्यात येडा कुठं लिवलंय?"

"कुठंच नाही. ते वेडे नाहीत."

"मला म्हाइताय न्हाईत ते. पर सायबाला पटाया पायजे. थोडं लिवा की बाई. एखादा शब्द."

"एकही नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तुम्हाला कसं वाटतं, आजी?"

"मला काय धाड भरलीया?" कुशाबाई फटकन म्हणाली. पदर सावरत उठली, दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. "दमती मी," ती दाराकडं बघत म्हणाली. "दोगांचं बोलून."

सत्यजीत साहेबांनी दाखला वाचला, उलटून मागं काही आहे का बघितलं, पुन्हा वाचला. ऑफिसातले सगळे माना खाली घालून काम करत होते, पण एकाचंही पेन हलत नव्हतं. सर्वांसमक्ष दिलेला शब्द होता. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'उपचार चालू असेपर्यंत एक मेंढी,' आणि सही केली.

ही बातमी कॉलनीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. नियमाचा बडगा एकट्या बुचीवर नव्हता. गार्डची बायको सिंधूबाई हिच्या कोंबड्यांना नोटीस होती. मल्हारी शंटरच्या शेळीला होती. कबुतरंवाले होते, एकाची तर गाभण म्हैस होती आणि ती त्यानं शेजाऱ्याची म्हणून सांगितली होती.

पुढच्या गुरुवारी शिरूरच्या एसटीत सिंधूबाई कोंबडीचं डालगं मांडीवर घेऊन बसली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मल्हारी. कंडक्टरनं आता विचारणंच सोडून दिलं. जिना चढताना गाल धरायचीही कुणाला गरज राहिली नाही. कुणी विचारलंच तर छातीठोकपणे सांगता यायचं, "कोंबडीच्या कामासाठी चाललेय."

डॉक्टरांनी सिंधूबाईला ओळखायला वेळ लावला नाही. "कोंबड्यांशिवाय तुम्हाला झोप लागत नाही?"

"डोळ्याला डोळा न्हाई बाई. मस्तक नुसतं ठणकतं."

"आणि कोंबड्या असताना लागते?"

सिंधूबाईनं मांडीवरच्या डालग्याकडं पाहिलं. "तवा बी न्हाई," ती म्हणाली. आणि मग कोंबड्या राहिल्या बाजूला, आणि पोटच्या मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेल्यापासूनचं सगळं बाहेर पडलं. तिला दाखला मिळाला नाही. तरी ती पुढच्या वेळी पुन्हा गेली. शेजारणीनं विचारलं, "कोंबड्यांचं काय झालं?" तर ती म्हणाली, "चाललंय त्यांचं."

मल्हारीचंही तसंच झालं. शेळीचं निमित्त घेऊन गेलेला माणूस, बाटली कशी सुटेल हे विचारून आला. कॉलनीत ही एक नवीच बोली सुरू झाली. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की दुसरा हळूच म्हणायचा, "अरे, एखादी शेळी पाळ."

हे सगळं साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते भडकले. आपल्या एका रागाच्या वाक्यावरून अख्खी कॉलनी जनावरं घेऊन शिरूरला निघाली, ह्यात त्यांना आपली थट्टा दिसली. डॉक्टरलाच जाब विचारायचा, असं ठरवून ते एका गुरुवारी स्वतः शिरूरला गेले.

त्या दिवशी भैरूही तिथं होता. ठरल्याप्रमाणे आणखी एका मेंढीची गोष्ट सांगून तो खाली उतरला होता आणि बुचीला घेऊन जिन्याच्या तोंडाशी एसटीच्या वेळेची वाट बघत बसला होता. साहेब त्याच्या अंगावरून तरातरा वर गेले. मधल्या मजल्यावर दाताच्या कंपाउंडरनं विचारलं, "दात?"

"नाही," साहेब ओरडले. "चौकशी!"

भैरूला वाटलं, आता वर आवाज चढेल. पण वरून आवाज आला नाही. एक एसटी गेली. बुचीनं भाजीवालीकडून टाकलेली कोबीची पानं खाल्ली. दुसरीची वेळ होत आली तेव्हा साहेब उतरले. हळू, कठड्याला धरून. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. वर काय बोलणं झालं ते ना डॉक्टरांनी कधी सांगितलं, ना साहेबांनी.

ते भैरूसमोर थांबले. "दौंडलाच जाताय ना, बाबा? जीप आहे. चला."

"मेंढी हाय बरुबर."

"असू द्या."

वाटेत बुची मागं उभी राहून साहेबांच्या मानेवर श्वास सोडत होती. पारगावचा पूल ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "माझी आई गेली मागच्या वर्षी. गुलाब तिचे होते. साताऱ्याहून कुंड्यांतून आणले मी."

भैरूनं त्यांच्याकडं पाहिलं. बुची कशाच्या कळ्या खाऊन आली होती ते त्याला त्या वेळी कळलं. माफी कशी मागायची ते त्याला सुचेना. त्यानं नुसती साहेबांच्या खांद्यावर आपली काठी पकडायची जाडी बोटं ठेवली आणि गाव येईपर्यंत ठेवूनच दिली.

"छाटनी केल्यागतच हाय ते," शेवटी तो म्हणाला. "जनावर शेंडा खातंय तवा झाड खालनं फुटतंय. लेंड्या आनून घालतो मी. थंडीत बघा."

"घाला," साहेब म्हणाले.

नियम काही साहेबांच्या हातात नव्हता, आणि ते नियम सोडणारातलेही नव्हते. पण तो नीट वाचणारातले होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक आदेश काढला, की कॉलनीच्या हद्दीत दिवसा जनावर दिसता कामा नये. दिवसा, असा शब्द होता. रात्रीबद्दल त्यात काही लिहिलं नव्हतं.

बन्सीनं तो दोनदा वाचला आणि बापाकडं पाहिलं. "म्हणजे सकाळी कुणीतरी सगळी जनावरं बाहेर न्यायची आणि संध्याकाळी आणायची. असा माणूस कुठून मिळायचा?"

भैरू काठी शोधायला उठला होता.

डॉक्टर ढमढेरे आता गुरुवारी स्वतःच दौंडला येऊ लागल्या. स्टेशनजवळ त्यांनी एक खोली घेतली. शालननं पहिल्या दिवशी ती झाडून दिली. दारावरच्या पाटीवर 'मानसोपचार' असं सरळ लिहिलं होतं, पण कॉलनीत तिला 'शेळीचा दवाखाना'च म्हणायचे, आणि डॉक्टरांनीही त्याला हरकत घेतली नाही.

रोज सकाळी भैरू भीमेच्या काठाला जायला निघायचा. पुढं बुची, मागं मल्हारीची शेळी, आणखी चारदोन शेळ्या, एक लंगडा बोकड, शेजाऱ्याची म्हणवली जाणारी म्हैस, आणि कुणी काही केलं तरी मागं न राहणारा सिंधूबाईचा कोंबडा. असलं खांड भैरूनं जन्मात वळलं नव्हतं. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. गुडघे दुखायचे, पण ते आता चालून चालून दुखायचे.

एक दिवस दुपारी कुशाबाई भाकरी घेऊन नदीवर गेली. लांबूनच तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. तिला वाटलं, भांडण लागलं. ती बाभळीआड थांबली.

"तुला काल काय सांगितलं व्हतं?" भैरू म्हशीपुढं उभा राहून तिला विचारत होता. "पान्यात बसायचं न्हाई म्हनलं व्हतं का न्हाई? आन् तू रं," हे कोंबड्याला, "तू कुनाचा कोन? तुला बोलावलं व्हतं का हितं? समदे मोकाट सुटल्यात निस्ते. आमची भुरी असती ना, एका नजरंत सरळ केलं असतं एकेकाला. भुरी ठावं न्हाई तुमाला? सांगतो. बसा."

आणि त्यानं शेळ्यांना, बोकडाला, म्हशीला भुरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. घाटावरून उतरताना धुक्यात वाट चुकली तेव्हाची. कुशाबाईनं ती कधी ऐकली नव्हती. तिनं भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं, बाभळीच्या बुंध्याशी टेकून बसली, आणि गोष्ट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.